ट्रॉलीचा दिवा बल्बाने नाही, जोडाने विझतो

दिवाळी सरली की आपल्या अंबड, घनसावंगी, परतूर भागातल्या रस्त्यांची रात्र बदलते. जायकवाडीच्या डाव्या कालव्याखालचा ऊस अंकुशनगरकडे, तीर्थपुरीकडे निघतो. एका ट्रॅक्टरामागे दोन-दोन ट्रॉल्या, वर गाण्याचा आवाज, खाली लोंबणारे वाढे. एखाद्या रात्री वडीगोद्रीच्या फाट्यावर अर्धा तास उभे राहा आणि जाणाऱ्या ट्रॉल्या पाठीमागून मोजा. किती ट्रॉल्यांचे लाल दिवे पेटलेले दिसतात? मी आकडा सांगत नाही. तुम्हीच मोजा आणि मग पुढचे वाचा.

बहुतेकांचे उत्तर मला ठाऊक आहे. "रेडियम लावलंय ना!" दरवर्षी हंगामाच्या तोंडावर रिफ्लेक्टर लावण्याचे कार्यक्रम होतात, फोटो छापून येतात, चांगली गोष्ट आहे. पण रेडियमला स्वतःचा उजेड नसतो. दुसऱ्याचा दिवा त्यावर पडला तर ते चमकते. वर चिखल बसला, उसाचे वाढे आडवे आले, किंवा मागून येणाऱ्या मोटारसायकलचाच दिवा मिणमिणता असला, की रेडियम असून नसल्यासारखे.

थोडे गणित करू. ताशी ६० किलोमीटरने येणारी मोटारसायकल एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. पुढे काहीतरी आहे हे ध्यानात येऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंत सेकंद-दीड सेकंद जातो. गाडी पुरती थांबेपर्यंत, सगळे मिळून, ५० मीटरच्या आसपास अंतर तुटलेले असते. डिपरवर चालणाऱ्या मोटारसायकलच्या उजेडात ५० मीटरवरची मातकट, बिनदिव्याची ट्रॉली दिसते का? नाही दिसत. आणि त्या मोटारसायकलवर कोणी परका नसतो बरे का. रात्रीची लाईट आली म्हणून दारे धरायला गेलेला आपलाच पोरगा असतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. तीन वर्षांपूर्वी माझा पुतण्या असाच रात्री मळ्यातून घरी येत होता आणि रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या ट्रॉलीवर आदळला. जीव वाचला, पण मांडीचे हाड मोडले. आजही तो पाय ओढत चालतो. ती ट्रॉली माझी होती. टायर पंक्चर झाले म्हणून ड्रायव्हरने उभी केली होती. त्याच आठवड्यात मी तिला नवे बल्ब बसवले होते, तेही दुसऱ्यांदा. भाऊ मला एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरे झाले असते.

दुसऱ्या दिवशी ट्रॉली जालन्यातल्या एका बॅटरीवाल्या मिस्त्रीकडे नेली. मी म्हणालो, बल्ब बदला, चांगल्या कंपनीचे टाका. त्याने बल्ब काढून थेट बॅटरीवर लावून दाखवला. लख्ख पेटला. मग त्याने ट्रॅक्टरच्या मागचा प्लग उपसला, आतल्या पिना मला दाखवल्या आणि म्हणाला, "मामा, बल्ब चांगलाय. जोड मेलाय तुमचा. पितळेच्या गंजात ताक ठेवल्यावानी झालंय हे."

पिनांवर हिरवे किटण साचले होते. पितळेच्या भांड्यात ताक कळकते हे आपल्या घरातल्या बायकांना सांगावे लागत नाही, त्या कल्हई केल्याशिवाय भांडे वापरत नाहीत. आपण मात्र त्याच पितळेच्या पिनेवर युरिया-डीएपीची धूळ, शेणाचे पाणी, काळ्या रानाचा चिखल वर्षभर बसू देतो. खताची धूळ हवेतली ओल धरते, त्यातून अमोनिया सुटतो, आणि अमोनिया तांब्या-पितळेचा वैरी. वरून आपण वॉशिंग सेंटरवर जोराच्या पाण्याने ट्रॅक्टर धुतो आणि ते पाणी नेमके कपलरच्या पोटात घालतो.

आता असा कळकलेला जोड करतो काय, ते पाहा. ब्रेकचा बल्ब २१ वॅटचा असतो. १२ व्होल्टवर तो पावणेदोन अँपिअर घेतो. दोन बल्ब मिळून साडेतीन. या वाटेवर एका खराब जोडाने नुसता एक ओहम अडथळा आणला, तरी बल्बापर्यंत बाराऐवजी सव्वानऊ व्होल्टच पोचतात. तुम्ही म्हणाल, मग पाऊण उजेड तर मिळेल! तसे होत नाही. तारेच्या बल्बाचा उजेड दाबाच्या कितीतरी पट वेगाने पडतो. पाऊण दाबाला निम्माही उजेड राहत नाही. डीपीवर दाब कमी आला की विहिरीवरची मोटार नुसती घुंघुं करते, पाणी मात्र वर चढत नाही, त्यातलाच हा प्रकार. आणि हा झाला पेटणारा दिवा. किटण आणखी वाढले की तोही बंद.

म्हणजे बल्ब बदलून काही होत नाही. फार तर बल्ब बसवताना होल्डर हलतो, किटण जरा खरवडले जाते, दिवा दोन दिवस पेटतो आणि आपल्याला वाटते, काम झाले. मीही तसाच फसलो होतो.

त्या मिस्त्रीने माझी आणखी एक चूक दाखवली, आणि ती शंभरातल्या बहुतेक ट्रॉल्यांत सापडेल. ट्रॉलीला अर्थची वायरच नव्हती. करंट जाताना वायरने जातो, पण परत बॅटरीकडे कसा येतो? ट्रॉलीच्या सांगाड्यातून, हूक आणि पिनेतून, ट्रॅक्टरच्या बॉडीतून. हूक गंजलेला, पिनेला ग्रीस थापलेले, वर रंगाचे थर. ओढ असते तोवर लोखंड लोखंडाला घट्ट लागते, दिवा पेटतो. उतार लागला, ट्रॉली पुढे रेटली, खड्डा आला, की दिवा गेला. ज्या पिनेवर आपण १०-१२ टन ऊस ओढतो तिच्यावरच दिव्याचाही भरवसा टाकतो!

अर्थ खराब असल्याची खूण घरबसल्या कळते. अंधारात ट्रॉली जोडा, मागचे दिवे लावा आणि उजवा इंडिकेटर द्या. उजवा एकटा उघडझाप करण्याऐवजी मागचे सगळेच दिवे मिणमिण करू लागले, ब्रेक दाबल्यावर लाल दिवा वाढण्याऐवजी मंदावला, तर बल्बाला हात लावू नका. परतीची वाट बंद आहे म्हणून करंट दुसऱ्याच बल्बातून वाट काढतो आहे. मीटर असेल तर आणखी सोपे. दिवे पेटलेले ठेवून मीटरची एक सुई बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी ट्रॉलीतल्या होल्डरच्या अर्थला लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले की अर्थ दुरुस्त करायला हवा.

दुरुस्ती कशी करावी याबद्दल माझे मत आता ठाम झाले आहे. वायरी पिळायच्या आणि वर चिकटपट्टी गुंडाळायची, ही आपली रीत बंद केली पाहिजे. उन्हात पट्टीचा डिंक वितळतो, पट्टी सुटते, पिळा सैल होतो, आत पाणी शिरते. तांब्याच्या तारा आतल्या आत काळ्या पडत जातात आणि वरून सगळे शाबूत दिसते. काही जण म्हणतील, डाख देऊ. घरातल्या रेडिओला डाख ठीक आहे. पण ट्रॉली हादरे खाते. डाख जिथे संपतो तिथे तार कडक होते आणि हादऱ्याने नेमकी तिथेच तुटते. ट्रॉलीला थिंबलच बरे. वायरीच्या मापाचे थिंबल घ्यावे, वायर जेमतेम सहा-सात मिलिमीटर सोलावी, एकही धागा तुटू देऊ नये, आणि थिंबल त्यासाठीच मिळणाऱ्या पक्कडीने दाबावे, हातोडीने ठोकू नये. मग ओढून पाहावे. हातात आले तर आत्ताच आलेले बरे, रात्री वडीगोद्रीच्या रस्त्यावर येण्यापेक्षा. वर गरम करून आवळणारी स्लीव्ह चढवावी. वायर प्लगमध्ये शिरण्याआधी तिला खाली थोडा झोल ठेवावा, म्हणजे पाणी वायरीवरून ओघळत आत न जाता झोलातून खाली गळते.

अर्थसाठी मात्र वेगळी वायर हवीच, आणि इतर वायरींपेक्षा जाड. सगळ्या दिव्यांचा परतीचा करंट तिच्यातूनच येणार. तिचे एक टोक ट्रॉलीच्या सांगाड्याला, रंग-गंज पार चकचकीत होईपर्यंत घासून, बोल्टाने आवळावे. ग्रीस लावायचे ते आवळल्यावर, वरून. आधी ग्रीस आणि मग बोल्ट, असे आमच्या गड्याने केले होते, म्हणून सांगतो. आणि यातल्या कुठल्याही कामाला हात घालण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह सोडा. पान्हा एकदा बॉडीला लागला की काय होते ते ज्याने पाहिले आहे, त्याला परत सांगावे लागत नाही.

फ्यूजबद्दल एवढेच. डीपीवरच्या किटकॅटमध्ये जाड तार घातली की कोणाची तरी मोटार जळते, हे आपण गावोगाव भोगले आहे. तरी ट्रॅक्टरचा १० अँपिअरचा फ्यूज उडाला की आपणच त्याजागी सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद नाहीतर तारेचा तुकडा घालतो. फ्यूज उडतो तो कुठे तरी वायर सोलली आहे हे सांगायला. त्याचे तोंड बंद केले की मग वायरच बोलते, धुराने. मागे वाळलेले पाचट असते हे विसरू नका.

नव्या ट्रॅक्टरवाल्यांना जरा जास्त सांभाळावे लागेल. ५० हॉर्सपॉवरच्या वरच्या ट्रॅक्टरांना २०२३ पासून प्रदूषणाचे नवे नियम लागू झाले. त्या इंजिनांवर सेन्सर आणि कॉम्प्युटर आले, आणि त्यांच्या वायरीतून जाणारा दाब पाच व्होल्टांसारखा नाजूक असतो. तिथे जुन्या सवयीने टेस्टिंग लॅम्पची टोकदार सुई वायरीत खुपसाल, तर दिव्याच्या दुरुस्तीपायी इंजिनाचा खर्च गळ्यात पडेल. ट्रॉलीचे दिवे त्याच्या मागच्या सॉकेटवरूनच घ्या, मधली कुठलीही वायर सोलून जोड काढू नका. आणि ट्रॉलीला वेल्डिंग करायचे असेल तर आधी ट्रॅक्टर सोडवून लांब उभा करा. आपल्या जिल्ह्यात वेल्डिंगवाल्यांची कमी नाही, पण ट्रॅक्टर जोडलेला ठेवूनच ट्रॉलीला कांडी लावणारे मी कितीतरी पाहिले. वेल्डिंगचा करंट परतीची वाट शोधताना तुमची वायरिंग कोणती आणि अर्थची क्लिप कोणती, हे बघत बसत नाही.

आता सरपंच, उपसरपंच, ग्रामसेवक मंडळींशी बोलतो. तुम्हाला वाटेल, दिवे ज्याच्या त्याच्या ट्रॅक्टरचे, यात ग्रामपंचायतीचा काय संबंध? संबंध असा. आपल्याकडे ट्रॅक्टर एकाचा, ट्रॉली दुसऱ्याची, टँकर तिसऱ्याचा. आज याच्या ट्रॅक्टरला, उद्या त्याच्या. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्हा टँकरवर जगला, तेव्हा जो ट्रॅक्टर रिकामा सापडेल तो टँकरला जुंपला, रात्री-अपरात्री पाणी आणले. अशा अदलाबदलीत प्लग बसतो, पण दिवे भलतेच पेटतात. डावा इंडिकेटर दिला की ब्रेकचा दिवा लागतो. का? प्रत्येक मिस्त्रीने आपल्या मनाने पिना जोडल्या. मग ड्रायव्हर वैतागतो आणि प्लग लावतच नाही, वायर हुकाला गुंडाळून ठेवतो. माझे म्हणणे असे, की दिवे बंद असण्याचे हे अर्धे कारण आहे आणि ते कोणा एका शेतकऱ्याला एकट्याने सुटणारे नाही.

त्यावर इलाज जुनाच आहे. सात पिनांच्या सॉकेटची एक ठरलेली रीत जगभर चालत आलेली आहे. पिनेजवळ आकडे कोरलेले असतात, भिंगाने पाहिले तर दिसतात. १ डावा इंडिकेटर, पिवळी वायर. ३ अर्थ, पांढरी. ४ उजवा इंडिकेटर, हिरवी. ५ उजवीकडचा मागचा दिवा, तपकिरी. ६ ब्रेक, लाल. ७ डावीकडचा मागचा दिवा, काळी. राहिली २, निळी, ती जादा दिव्यासाठी. वायरीच्या रंगावर डोळे झाकून विसंबू नका, मिस्त्रीने हाताला लागली ती वायर वापरलेली असते, आकड्यावर जा. ग्रामसभेत एवढे एकदा ठरवा की आपल्या गावातली प्रत्येक ट्रॉली, प्रत्येक टँकर, ग्रामपंचायतीची घंटागाडी ओढली जात असेल तर तीसुद्धा, याच आकड्यांनी जोडलेली असेल. एक कागद रंगवून पंचायतीच्या भिंतीवर आणि गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात लावा. यासाठी कुठला निधी लागत नाही, वर प्रस्ताव पाठवावा लागत नाही.

कोणी विचारील, कायदा काय म्हणतो? केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे आहेत. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयाआधी अर्ध्या तासापर्यंत रस्त्यावरच्या वाहनाचे दिवे लागलेले हवेत, असे त्यांत आहे. नियमाला आता पस्तीस वर्षांहून जास्त झाली. पण दंडाची पावती फाडून जोड दुरुस्त होत नाही. पावती झालेला ड्रायव्हर पुढच्या चौकीपुरता दिवा पेटवतो. कारखान्यांनीही वाहतुकीचे करार करताना ट्रॉलीमागे रेडियम आहे का एवढेच न पाहता, गेटवर ट्रॅक्टर जोडलेला असताना ब्रेक दाबून मागचा दिवा पाहावा. ट्रॉलीला एक मिनिटसुद्धा लागणार नाही. एरवी ट्रॅक्टर काट्यावर नंबर लागायची वाट पाहत तासन् तास उभेच असतात.

आणि शिकवणार कोण? आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकची, वायरमनची मुले असतात, त्यांना हाताला काम हवे असते. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात आपण बियाण्यासाठी, फळबागेसाठी जातोच. मोसंबीच्या डिंक्यावर जसे शेतकरी तासभर प्रश्न विचारतात, तसा एक तास ट्रॉलीच्या वायरिंगला मागितला तर कोणी नाही म्हणेल असे मला वाटत नाही. मागायला मात्र हवे. गावातल्या दोन पोरांना थिंबल दाबायची पक्कड आणि मीटर हाताळता आले, तरी गावाचे भागते.

खर्चाचे विचाराल, तर नवा सॉकेट, प्लग, थिंबले, स्लीव्ह आणि दोन्ही ट्रॉल्यांची वायर, मिस्त्रीच्या मजुरीसकट, माझे काम युरियाच्या दहा गोण्यांच्या पैशात झाले. ज्याला स्वतःच्या हाताने जमेल त्याला निम्म्यात पडेल. पुतण्याच्या पायात जी सळई घातली तिचा हिशेब मी इथे लिहीत नाही.

खंडेनवमीला आपण ट्रॅक्टर धुतो, झेंडूची माळ घालतो, हळद-कुंकू लावतो. गाळप त्यानंतरच सुरू होते, म्हणजे वेळही नेमकी आहे. त्या दिवशी माळ घालण्याआधी मागचा प्लग उपसा, पिना बारीक पॉलिश पेपरने घासा, चिमूटभर व्हॅसलीन लावा, आणि संध्याकाळी अंधार पडल्यावर घरातल्या पोराला ब्रेकवर पाय ठेवायला सांगून स्वतः पन्नास पावले मागे जाऊन उभे राहा. मी गेली तीन वर्षे असे करतो. यंदा मागच्या ट्रॉलीचा डावा दिवा पुन्हा मंद दिसला. झाकण काढले तर मुंग्यांनी होल्डरमध्ये माती भरलेली. पुतण्यानेच ती काढली, टॉर्च मी धरला होता.